एकच मेलपेटी, उत्तर देणारे चौघे: जीमेल, आउटलुक की थंडरबर्ड?

भोसरीतलं सुटे भाग बनवणारं वर्कशॉप असो की सदाशिव पेठेतलं सीएचं कार्यालय, चौकशीचे मेल एकाच पत्त्यावर येतात आणि उत्तरं तिघाचौघांनी द्यायची असतात. मग एकच पासवर्ड सगळ्या मशिनवर टाकला जातो. त्यातल्या एखाद्यावर पीओपी (सर्व्हरवरचे मेल त्या मशिनवर उतरवून घेण्याची पद्धत) चालू असेल आणि ‘मेल सर्व्हरवर राहू द्या’ ही खूण नसेल, तर त्या मशिनने उतरवलेले मेल बाकीच्यांना दिसतच नाहीत. म्हणून काही नवीन बसवण्याआधी प्रत्येक मशिनवर येणाऱ्या मेलचा पोर्ट (खात्याच्या सेटिंगमधला जोडणीचा क्रमांक) पाहा. 995 किंवा 110 म्हणजे पीओपी. फोल्डर वाटून घ्यायचे तर आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत, पोर्ट 993) किंवा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) हवं.

दुसरं ठरवायचं ते हे, की अख्खी पेटी उघडी करायची आहे की तिच्यातला एकच फोल्डर. निवड जवळजवळ यावरच होते.

जीमेल

अख्खी पेटी दाखवायला हरकत नसेल तर सगळ्यात कमी खटपट इथे आहे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ या टॅबमध्ये दुसऱ्याला प्रवेश देता येतो. साध्या खात्यावर 10 जणांपर्यंत. समोरच्याने आमंत्रण आठवड्याभरात स्वीकारलं पाहिजे, नाहीतर ते बाद होतं. पासवर्ड कोणालाच द्यावा लागत नाही. पण एकच लेबल (जीमेलमध्ये फोल्डरच्या जागी असतं ते) वाटता येत नाही, आणि असा मिळालेला प्रवेश आउटलुक किंवा थंडरबर्डमधून वापरता येत नाही. एका अशिलाचे कागद दुसऱ्या आर्टिकलला (सीएकडे शिकणाऱ्या उमेदवाराला) दिसू नयेत अशी जिथे गरज आहे, तिथे हा पर्याय सोडून द्या.

आउटलुक

मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये शेअर्ड मेलबॉक्सला (अनेकांनी मिळून वापरायच्या पेटीला) 50 जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. वापरणाऱ्या प्रत्येकाला मात्र लागतं. बिझनेस बेसिक हे लायसन्स घेतलं तर क्लासिक आउटलुक (मशिनवर बसवायचा जुना प्रोग्रॅम) त्यात येत नाही, हे खरेदीआधीच लक्षात घ्या.

ॲडमिनने ‘रीड अँड मॅनेज’ आणि ‘सेंड ॲज’ हे दोन्ही हक्क वेगवेगळे द्यायचे. पहिलाच दिला तर पेटी दिसते, पण उत्तर पाठवताना नकार येतो. हक्क नावानिशी द्या. ग्रुपला दिले तर पेटी आउटलुकमध्ये आपोआप उमटत नाही. नावाने देऊनही तासभर लागू शकतो, तेवढ्यात खातं हाताने जोडत बसू नका.

दोन गोष्टी हमखास नडतात. पाठवलेलं उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘सेंट’मध्ये जातं, त्यामुळे शेजारच्याला वाटतं उत्तर गेलंच नाही आणि तो पुन्हा पाठवतो. ॲडमिन सेंटरमध्ये पाठवलेल्या मेलची प्रत शेअर्ड पेटीत ठेवण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी चालू करा. दुसरं, एकच फोल्डर वाटताना त्या फोल्डरवर ‘रिव्ह्यूअर’ (फक्त वाचण्याचा) हक्क देऊन भागत नाही. पेटीच्या सगळ्यात वरच्या नावावरही ‘फोल्डर व्हिजिबल’ची खूण लागते. ती राहिली तर समोरच्याला फोल्डर उघडत नाही. आधीपासून असलेल्या पोटफोल्डरांना हक्क आपोआप लागत नाहीत, तेही एकेक करून द्यावे लागतात.

थंडरबर्ड

प्रोग्रॅम फुकट आहे, पण काम सर्व्हरच्या हातात. होस्टिंग कंपनीला पैसे देण्याआधी विचारा: ‘आयमॅपवर एसीएल (कोणाला कोणता फोल्डर दिसावा याची हक्कयादी) चालू आहे का, आणि एका खात्याचा फोल्डर दुसऱ्याला वाटता येतो का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर थंडरबर्डमध्ये कितीही सेटिंग केलं तरी उपयोग नाही. सर्व्हर ऑफिसातच ठेवायचा विचार असेल तर गुरुवारची वीज दुरुस्ती आठवा. त्या दिवशी मेलही बंद पडेल.

सर्व्हर तयार असला की पायऱ्या सोप्या. प्रत्येकाचं स्वतःचं खातं जोडा, खात्यावर राइट क्लिक करून ‘सबस्क्राइब’ उघडा, वाटलेल्या फोल्डरवर खूण करा. फोल्डर दिसलाच नाही तर सर्व्हर सेटिंग्जमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दाखवा’ ही खूण काढून पाहा. तरीही नाही, तर दोष बहुधा सर्व्हरकडे: डव्हकॉट या आयमॅप सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये वाटलेल्या फोल्डरांची यादी ठेवणारी नोंदवही वेगळी लावावी लागते आणि ती राहून जाते. उत्तराची प्रत सगळ्यांना दिसावी म्हणून ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये वाटलेला ‘सेंट’ फोल्डर निवडा.

सगळ्यात चकवणारी अडचण एकच लॉगिन सगळीकडे वापरलं की येते. थंडरबर्ड एका खात्यासाठी 5 जोडण्या उघडू शकतो. तीन मशिन मिळून 15. डव्हकॉट मात्र एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) एका लॉगिनला मुळात 10 जोडण्याच देतो, आणि ऑफिसच्या सगळ्या मशिनचा आयपी बाहेरून एकच दिसतो. परिणाम असा, की मेल कधी उघडतो, कधी नाही, आणि शिव्या ब्रॉडबँडवाल्याला बसतात. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये 5 चे 2 करा. खरा इलाज प्रत्येकाला वेगळं लॉगिन हाच.

‘हा मेल मी घेतलाय’ हे दाखवायला टॅग वापरा. एकाने मेल उघडला की बहुतेक वेळा सगळ्यांकडेच वाचलेला दिसतो, आउटलुकच्या शेअर्ड पेटीतही. त्यामुळे ठळक अक्षरांवर विसंबू नका. थंडरबर्डच्या मूळच्या पाच टॅगचे फक्त क्रमांक सर्व्हरवर जातात, नावं त्या त्या मशिनवरच राहतात. पहिल्या टॅगला एकाने ‘चालू’ आणि दुसऱ्याने ‘झालं’ असं नाव दिलं की गोंधळ अटळ. नावं सगळीकडे सारखीच लिहा.

आमचं मत असं: चारपाच माणसं, पेटी सगळ्यांची, तर जीमेल. ऑफिसचं काम आधीच 365 वर असेल तर शेअर्ड मेलबॉक्स. फोल्डर निवडून वाटायचे, लायसन्सचा खर्च नको आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस हाताशी आहे, तर थंडरबर्ड. असा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पीओपीने उतरवलेले जुने मेल त्या एकाच मशिनवर असतात. आधी त्या फाइलची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या, मग नव्या फोल्डरमध्ये दोनतीनशेच्या तुकड्यांनी हलवण्याऐवजी कॉपी करा. दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत जुनी फाइल पुसू नका.