रेमिंग्टन ८७० की मॉसबर्ग ५००: दोन्ही वापरल्यावर

या दोन अमेरिकी पंप-ॲक्शन शॉटगन, म्हणजे हाताने मूठ मागेपुढे करून चालवायच्या छऱ्यांच्या बंदुका. घरात आता दोन्ही आहेत, म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. एकच बंदूक घ्यायची असेल आणि ती दोघंजण वापरणार असतील, तर मॉसबर्ग ५०० घ्या. एकट्याने वापरायची असेल, उजव्या हाताने चालवणार असाल आणि थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल, तर ८७०.

आम्ही टेक्सासात डॅलसजवळ राहतो. सुट्टीच्या दिवशी ट्रॅप मारायला जातो, म्हणजे यंत्रातून उडणाऱ्या, जेमतेम १०८ मिलिमीटर व्यासाच्या तबकड्या फोडायला. सप्टेंबर लागला की होल्यांची शिकार. दोन्ही बंदुका १२ गेज, म्हणजे आपल्याकडची बारा बोअर, आणि दोन्हींची नळी २८ इंची. ८७० ही जुनी, विंगमास्टर नावाच्या आवृत्तीतली, सेकंडहँड घेतलेली. ५०० कोरी. कोकणात ज्यांनी ठासणीची किंवा फार तर दुनळी पाहिली असेल त्यांच्यासाठी: नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत जातं. बाकी सगळं डाव्या हाताच्या सवयीवर.

८७० बाजारात आली १९५० मध्ये, ५०० आली १९६१ च्या सुमाराला. ८७० चा रिसीव्हर, म्हणजे सगळी यंत्रणा बसते तो मधला सांगाडा, पोलादाच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेला, ५०० चा ॲल्युमिनियमचा. 'ॲल्युमिनियम म्हणजे कच्चं' असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक रेंजवर भेटतोच. खरं तर दोन्हींमध्ये बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बसणारा सरकता तुकडा, थेट नळीच्या मागच्या भागात अडकतो, त्यामुळे स्फोटाचा दाब नळी आणि बोल्ट झेलतात, रिसीव्हरवर तो येतच नाही. मुठीची चाल मात्र विंगमास्टरची सरस. वर्षानुवर्षं घासून ती इतकी गुळगुळीत झालीय की मूठ आपणहून मागे येते असं वाटतं. मॉसबर्गची मूठ जरा सैल असते, आणि तिच्या खुळखुळण्यावर मॉसबर्गवाले स्वतःच विनोद करतात. तबकडी फुटायला त्याने काही फरक पडत नाही.

खरा फरक सेफ्टीचा. ८७० ची सेफ्टी म्हणजे चापाच्या मागे आडवं बटण. उजव्या हाताने धरली तर तर्जनीने सहज दाबलं जातं. माझी बायको डावखुरी. तिला त्यासाठी दरवेळी बोट चापाखालून पलीकडे न्यावं लागतं किंवा पकड सोडावी लागते. ५०० ची सेफ्टी रिसीव्हरच्या माथ्यावर, मागच्या टोकाला आहे. अंगठा आपोआप तिथेच पडतो, हात कुठलाही असो, आणि ती चालू की बंद हे नेम धरता धरताच दिसतं. तिने दोन्ही आलटून पालटून वापरल्या आणि आता ८७० ला हात लावत नाही. ही सोय साध्या दस्त्यापुरतीच, बरं का. पिस्तुलासारखी मूठ बसवली की अंगठ्याला वरपर्यंत पोचणं अवघड जातं.

काडतुसं भरतानाही ५०० सोपी. तिचा लिफ्टर, म्हणजे काडतूस वर उचलणारी पट्टी, वर उचललेला राहतो, खालची वाट मोकळी. ८७० मध्ये तो खाली असतो, दरवेळी काडतुसाने वर दाबून आत सरकवावं लागतं. थंडीत जाड हातमोजे असले की हे जाणवतं.

पंपात धक्का सोसायला गॅसची यंत्रणा नसते, सगळा खांद्यावर येतो. ट्रॅपला एक औंस छऱ्यांची हलकी काडतुसं पुरतात, उगाच तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार काडतुसं, मारून खांदा काळानिळा करू नका. आणि फार स्वस्त काडतुसं घेऊ नका. एका कंपनीच्या खोक्यातली काडतुसं फुटल्यावर नळीत घट्ट बसायची, मूठ मागे येईना. काडतुसं बदलली, कटकट संपली. होल्यांसाठी मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं राहतात त्या नळीत, जागा अडवणारा लाकडी प्लग हवाच, कारण स्थलांतरित पक्ष्यांना बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं ठेवायला अमेरिकेचा केंद्रीय कायदा परवानगी देत नाही. बदकांना तर शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद. पोलादी छर्रे वापरणार असाल तर फुल चोक, म्हणजे नळीचं तोंड सर्वांत अरुंद करणारा तुकडा, काढून ठेवा.

साफसफाईत दोघी सारख्याच. टोकाची टोपी फिरवली की नळी सुटते. चापाचा संच काढायला ५०० ची एक पिन, ८७० च्या दोन.

एच-वन-बीवाले, म्हणजे अमेरिकेच्या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावरचे, मित्र नेहमी विचारतात म्हणून: त्या व्हिसावर एरवी बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा वैध परवाना असेल तर केंद्रीय कायद्यात सूट आहे. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, दुकानात जायच्या आधी ते बघा.

पैसे कमी असतील तर मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ आहे, आतून बरीचशी ५०० च. पण तिची सेफ्टी ८७० सारखी आडवी, म्हणजे आमच्या घरात निरुपयोगी. डावखुऱ्यांसाठी ५०० ची डावी आवृत्तीही मिळते, कारण साध्या ५०० मधून रिकामी काडतुसं उजवीकडे, त्यांच्या तोंडासमोरून उडतात. बायकोला त्याचं काही वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर जुन्या बाजारात ब्राउनिंग बीपीएस शोधा. तिची सेफ्टी माथ्यावर आहे आणि काडतुसं खालून पडतात. फक्त पोलादी असल्याने दिवसभर खांद्यावर वागवायला जड जाते.