बोलेस्लावियेत्सची निळी भांडी : वर्षभर रोज वापरल्यावर

ही पोलंडची मातीची भांडी शोकेसमध्ये ठेवायची नाहीत, हे माझं मत आता पक्कं झालंय. चहाचा एक मग, खोल वाडगा आणि ओव्हनचं लांबट भांडं, एवढंच घेतलं होतं. आमटी, कोकमाचं सार, सगळं त्यांत वाढलं. हळदीचा डाग नाही की वास नाही. वाडग्यात दही छान लागतं, जाड भांडं ऊब धरून ठेवतं. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह, ओव्हन चालतात. गॅसवर मात्र अजिबात ठेवू नका, आणि फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्येही नको.

हे स्टोनवेअर, म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीचं भावंड. पोलंडच्या नैर्ऋत्येला, बूब्र नदीकाठी बोलेस्लावियेत्स हे गाव आहे. तिथली माती सुमारे १२५० अंशांना भाजली की पाणी मुरत नाही इतकी घट्ट होते.

१९४५ पर्यंत हे गाव जर्मन होतं, नाव बुन्झलाऊ. जुनी भांडी बहुतेक तपकिरी. १७५३ मध्ये योहान गोटलीब योप्पे या कुंभाराने इथे दोन मीटरहून उंच रांजण घडवला होता. दुसऱ्या महायुद्धात तो गेला. पुढच्या शतकात आल्टमान नावाच्या कुंभाराने विषारी शिशाची झिलई सोडून फेल्डस्पार या खनिजाची आणली. अन्नाच्या भांड्यासाठी मला तरी ही गोष्ट रांजणापेक्षा मोठी वाटते. युद्धानंतर जर्मन रहिवाशांना घालवून दिलं गेलं, पोलिश कुटुंबं आली आणि भट्ट्या त्यांनी पुन्हा पेटवल्या. आज ज्याला आपण ‘पोलिश पॉटरी’ म्हणतो त्याच्यामागे एवढी उलथापालथ आहे.

नक्षी स्पंजाच्या ठशांनी हाताने उमटवतात. माझ्या मगवर मोरपिसाचे डोळे आहेत. कानापाशी एक डोळा अर्धाच बसलाय, आणि मला तोच आवडतो.

तक्रारी दोन. वजन फार: भरलेला वाडगा एका हाताने उचलायचा विचारही करू नका. आणि तळाची कड बिनझिलईची, खरखरीत. लाकडी टेबलावर ओरखडे उठतात, खाली कापड हवंच.

किंमत हाताच्या कामाची, म्हणून चढीच. दुय्यम प्रतीचा माल स्वस्त मिळतो. त्यात बहुधा रंगाचा फराटा किंवा झिलईतला बारीक खड्डा असतो, रोजच्या जेवणाला काही अडत नाही. तडा मात्र उजेडात धरून, काठावरून बोट फिरवून तपासा, आणि तळाला बोलेस्लावियेत्सचा शिक्का आहे ना, तेही बघा.