वन-पीस कमोड चांगलाच, पण खरेदीआधी टेप लावा

जुना दोन तुकड्यांचा कमोड काढून वन-पीस बसवायचा विचार असेल, तर वस्तू म्हणून निवड उत्तम आहे. टाकी आणि भांडं एकसंध असल्यामुळे मधला वॉशर झिजून पाणी पाझरायचा प्रश्नच नाही. बाजू सपाट असलेलं मॉडेल घेतलं तर पुसायला सोपं. फ्लशला दोन बटणं, साधारण 3 आणि 6 लिटरची. पण जुन्या फ्लॅटमध्ये हा कमोड तक्रारीविना चालेल की नाही, हे कंपनीपेक्षा तुमच्या मापांवर जास्त ठरतं.

आधी आउटलेट, म्हणजे मैला बाहेर जाण्याची वाट, बघा. पाइप जमिनीत उतरत असेल तर एस-ट्रॅप, भिंतीत जात असेल तर पी-ट्रॅप. पी-ट्रॅपला तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची, ती बहुधा 180 ते 185 मिमी भरते. एस-ट्रॅपला मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर. आपल्याकडे एस-ट्रॅपचे कमोड मुख्यतः 100, 225 आणि 300 मिमीचे मिळतात. दुकानात त्यालाच 4, 9 आणि 12 इंची म्हणतात.

हे अंतर टाइलच्या पृष्ठभागापासून धरायचं, प्लास्टरपासून नाही. जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवणार असाल तर टाइल आणि केमिकल मिळून 12 ते 15 मिमी जातात. आज 230 भरलेलं अंतर टाइल लागल्यावर 215 होतं आणि 225 चा कमोड भिंतीला अडतो. पाइपचा मध्य डोळ्यांनी ठरवू नका. भिंतीपासून पाइपच्या जवळच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा निम्मा भाग मिळवा. 110 मिमीच्या पीव्हीसी पाइपला 55 मिळवायचे, म्हणजे कडेपर्यंत 170 असेल तर मध्य 225 वर. जुना कमोड जागेवर असताना त्याच्या तळाच्या स्क्रूवरून अंदाज बांधू नका. आपल्याकडच्या कित्येक मॉडेलमध्ये स्क्रूची भोकं आणि आउटलेटचा मध्य एका रेषेत नसतात. पाइप दिसतच नसेल तर प्लंबरकडून कमोड उचलून घ्या आणि मगच ऑर्डर द्या.

चूक कोणत्या बाजूला झाली यावरही बरंच अवलंबून आहे. पाइप 300 वर आणि कमोड 225 चा असेल तर मागे 75 मिमीची फट राहते. ती वाईट दिसते, तिथे धूळ साचते, पण काम चालतं. उलट पाइप 225 वर आणि कमोड 300 चा, तर तो बसूच शकत नाही. मग आउटलेट सरकवणारा तिरका कनेक्टर सुचवला जातो. 20-25 मिमीच्या फरकाला तो ठीक, पण त्यापुढे ओढाताण केली की वाट अरुंद होते आणि मैला अडकायला लागतो.

भिंत खाली मोजा, तशीच टाकीच्या उंचीवर, 700-800 मिमीवरही मोजा. जुन्या बांधकामात भिंत ओळंब्यात असेलच असं नाही. वर 10 मिमी पुढे आली असेल तर टाकी आधी टेकते आणि खाली आउटलेट जुळत नाही.

आता लांबी. वन-पीस साधारण 650 ते 720 मिमी लांब असतो. पुण्या-मुंबईच्या जुन्या इमारतींत 3 बाय 4 फुटांचा वेगळा संडास असतो. 4 फूट म्हणजे 1220 मिमी. 700 चा कमोड गेल्यावर समोर 520 उरतात. मागे फट राहिली तर तेवढं आणखी कमी. समोरचं दार सव्वादोन फुटांचं आणि आत उघडणारं असेल तर ते कमोडला आपटणारच. दार बाहेर उघडणारं करा, नाहीतर आखूड मॉडेल शोधा. आडव्या अंगाला कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 380 मिमी हवेत. 3 फुटांच्या संडासात पाइप मधोमध असेल तर ते मिळतात; पाइप एका कोपऱ्याकडे असेल तर बसताना कोपर भिंतीला घासतं.

अँगल कॉककडे, म्हणजे टाकीचं पाणी बंद-चालू करणाऱ्या भिंतीवरच्या छोट्या नळाकडे, बहुतेकांचं लक्षच जात नाही. सपाट बाजूंचा कमोड जुन्या कॉकवर येऊन आदळतो. कमोडची रुंदी 360-380 धरली तर कॉक मध्यापासून निदान 300 मिमी बाजूला असावा, म्हणजे हात घालून तो बंद करता येतो.

भारतीय भांडं काढून तिथे कमोड बसवणाऱ्यांनी हा हिशेब वेगळाच धरावा. त्या ट्रॅपचं तोंड बहुधा भिंतीपासून बरंच पुढे असतं. फरशी फोडून पाइप मागे न्यावा लागतो, आणि त्यासोबत वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागतं, नाहीतर खालच्या घराच्या छताला ओल येते.

कमोड घरी आला की सिमेंट कालवण्याआधी तो कोरडाच जागेवर ठेवून बघा: आउटलेट जुळतं का, दार फिरतं का, टाकीचं झाकण उचलता येतं का. तळाखाली पांढरं सिमेंट भरून टाकण्यापेक्षा रबरी पॅन कनेक्टर (कमोड आणि पाइप जोडणारा तुकडा) आणि कडेने सिलिकॉन बरं. सिमेंटने पकडलेला कमोड पुढे काढताना हमखास तडकतो. सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडा, म्हणजे कनेक्टर गळला तर पाणी आत न मुरता लगेच बाहेर दिसेल.