सिंह संक्रांतीचा सल्ला : जळगावातील एका ज्योतिष कार्यालयाचा अनुभव

मोबाइलवरील राशिभविष्यात सिंह राशीचा काळ २३ जुलैच्या आसपासच सुरू होतो. जळगावातील या ज्योतिषांनी मात्र सायन (ऋतूंवरून मोजलेल्या, मोबाइलवरील) व निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या, पंचांगातील) गणनेत सुमारे २४ अंशांचा फरक असल्याने आपल्या पंचांगाप्रमाणे सूर्य १७ ऑगस्टच्या सुमारास सिंह राशीत येतो, हे कागदावर आकृती काढून समजावले, आणि माझ्या मते दक्षिणा तेथेच वसूल झाली. सूर्य स्वराशीत, म्हणजे स्वतःच्या सिंह राशीत, असताना मानापमान तीव्र होतात, म्हणून पोळ्याच्या तोंडावर भावाभावांत बांधाचा विषय काढू नये, हा सल्ला पटला (तो कुंडलीशिवायही पटला असता). त्यानंतर सुचवलेली माणकाची अंगठी कपाशीच्या फवारणीचा खर्च समोर असल्याने आम्ही नम्रपणे नाकारली. वेळ ठरवूनही दीड तास ओट्यावर बसावे लागले.