कंबर दुखते, मग गादी कडक घेऊ की मऊ? गोव्यातल्या घरांचा विचार करून केलेली तुलना

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुणालाही सांगून बघा की तीन-चार महिने झाले कंबर सुटत नाहीये, सल्ला ठरलेला असतो, गादी काढ नि जमिनीवर चटई टाकून झोप, नाहीतर दुकानातली सगळ्यात कडक गादी घे. सांगणारा मनापासून सांगतो, पण बहुतेकांच्या कंबरेला हे मानवत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

२००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, ज्यांच्या दुखण्यामागे ठोस आजार सापडला नव्हता असे, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण त्यातच मोडतात. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम, आणि कुणाला कुठली मिळाली ते सांगितलंच नाही. कडकपणा युरोपियन मापाने मोजलेला, १ म्हणजे एकदम कडक नि १० म्हणजे एकदम मऊ, त्यात कडक गादी २.३ ची आणि मध्यम ५.६ ची. ९० दिवसांनी मध्यमवाल्यांचं झोपताना-उठताना दुखणं जास्त कमी झालं, रोजची कामंही त्यांना जास्त सोपी गेली. कडकवाल्यांनाही थोडं बरं वाटलं होतं हे खरं, पण फायदा मध्यमचा जास्त.

कारण सरळ आहे. कडक गादीवर कुशीवर झोपलं की सगळा भार खांद्यावर नि खुब्यावर येतो आणि मधली कंबर आधाराशिवाय लोंबकळते, उताणं झोपलं तर पाठीच्या बाकाखाली पोकळी राहते. खूप मऊ गादीत उलटं होतं, खुबा आत रुततो, कणा वाकतो आणि कूस बदलायला रात्रभर ताकद लागते. म्हणून किलो बघून ठरवा, वजन जास्त असेल तर थोडी कडकच बरी कारण तुम्ही तशीही आत जाणार, बारीक माणसाला तीच गादी फळीसारखी लागते. कुशीवर झोपणाऱ्याने किंचित मऊ घ्यावी.

आता आपल्याकडे मिळतं काय ते बघू.

काथ्याची म्हणजे कॉयरची गादी, नारळाच्या सोडणाचा काथ्या रबराच्या चिकाने बांधलेला. स्वस्त, हवा खेळते त्यामुळे मे महिन्यात पाठ तापत नाही. पण नुसती कॉयर कडकच असते, आणि काही वर्षांत जिथे झोपता तिथे खड्डा पडतो, मग ती कडकही नाही नि मऊही नाही, कंबरेला सगळ्यात वाईट. वर दोन-एक इंच फोम किंवा लॅटेक्सचा (रबराच्या चिकाच्या फोमचा) थर असलेली मिळाली तर बजेटमधला माझा पहिला पर्याय हाच.

मेमरी फोम अंगाचा आकार घेतो, कुशीवर झोपणाऱ्याला सुख वाटतं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात वॉटरबेड म्हणजे पाण्याची गादी, असा फोम आणि कडक फुटॉन म्हणजे जपानी धर्तीची गादी महिनाभर वापरून बघितले होते, त्यात पहिले दोन थोडे सरस ठरले, फरक लहान होता पण कडक फुटॉन मध्येच सोडून देणारे जास्त निघाले. अडचण आपल्या हवेची आहे, हा फोम उष्णतेने मऊ पडतो नि थंडीत घट्ट होतो, म्हणजे एसी शोरूममध्ये मध्यम वाटलेली गादी फॅनखाली एप्रिलमध्ये जास्त रुतणारी लागू शकते. एसी नसेल तर जाड मेमरी फोम टाळाच, पातळ थर चालेल.

पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळी दबते, हवा खेळती, दोघांच्या वजनात फरक असेल तर चांगली. लॅटेक्स उत्तम, पण जड आणि महाग.

कापसाची गादी नवी असताना छान, पण कापूस दबून गोळे होतात, पुन्हा पिंजून घ्यावी लागते, आणि जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणणार? कुबट वास, बुरशी, सगळं येतं. जमिनीवर थेट झोपणं तर पावसात मी कुणालाच सांगणार नाही, लादीचा ओलावा चढतो, आणि दुखऱ्या कंबरेने सकाळी खालून उठणं हाच मोठा त्रास.

'ऑर्थोपेडिक' या शिक्क्यावर मात्र जाऊ नका, तो कंपनी लावते, डॉक्टर नाही, नि बऱ्याचदा त्याचा अर्थ नुसतं कडक एवढाच असतो. दुकानात तुम्ही जसे झोपता तसंच दहा-पंधरा मिनिटं पडून बघा, लाजू नका, आणि परत करायची मुदत लेखी घ्या. पैसे खर्चायच्या आधी खाट तपासा, पट्ट्या वाकल्या असतील तर खाली प्लायवूड टाका. गादी खूप कडक असेल तर वर एक टॉपर म्हणजे पातळ मऊ थर घालून महिनाभर बघा. उताणं झोपताना गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो.

गादीने आराम पडतो, पण चालणं-व्यायाम सोडला तर कुठलीच गादी पुरी पडणार नाही. आणि पायात बधिरपणा किंवा ताकद कमी वाटत असेल, कंबरेबरोबर ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल तर गादीची चौकशी बाजूला ठेवा नि डॉक्टरकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिर वाटलं तर त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जा, जायला एक रात्रसुद्धा उशीर करायचा नाही.