सोनीसाठी गाठलेला जळगावचा दवाखाना
आमची मांजर सोनी १३ वर्षांची. सारखी ट्रेमध्ये जाऊन बसायची, थेंबभर लघवी, तीही गुलाबी. गावाकडे दोन महिने इन्फेक्शनच्याच गोळ्या चालल्या, याचा राग अजून जात नाही. शेवटी केळीच्या खोक्यात गोधडी घालून तिला जळगावला आणलं. डॉक्टरताईंनी आधी स्वतःचे हात चोळून गरम केले, मग तिला उचललं. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेली गाठ बोट ठेवून दाखवली. मांजरांत हा मूत्राशयाचा कॅन्सर क्वचितच होतो आणि लक्षणं साध्या मूत्राशयाच्या सुजेसारखीच, म्हणून उशीर होतो म्हणाल्या. गाठीचा नमुना घ्यायला पोटातून सुई घालणं टाळलं. त्या वाटेने कॅन्सरच्या पेशी पसरू शकतात. आता मेलोक्सिकॅम हे सूज-वेदना कमी करणारं औषध सुरू आहे, त्याचा किडनीवर परिणाम होत नाही ना हे बघायला रक्ततपासणीही. गर्दी फार, सकाळीच जा. काल सोनीने वाटी चाटूनपुसून साफ केली.