फर्स्ट बेस: एकेरी की दुहेरी?

सॉफ्टबॉलमध्ये फर्स्ट बेस म्हणजे फटका मारल्यावर बॅटरने धावत गाठायचा पहिला टप्पा. तिथला एकेरी बेस १५ इंच चौरस. बॅटर जीव तोडून धावत येतो, फिल्डर चेंडूकडे बघत तिथेच पाय टेकवतो. मग घोटा मुरगळतो, नाहीतर टक्कर होते. हौशी सॉफ्टबॉलमध्ये मी तरी दुहेरी बेसच मागेन. तो दुप्पट रुंद असतो: आतला पांढरा फिल्डरचा, फाउल लाइनबाहेरचा (म्हणजे खेळाच्या वैध हद्दीबाहेरचा) नारिंगी धावणाऱ्याचा. सवय लागायला वेळ जातो. चेंडू फर्स्टकडे येत असताना फक्त पांढऱ्यावर पाय पडला आणि समोरच्या संघाने वेळेत अपील केलं, तर धावणारा बाद! फटका लांब गेला असेल तर कुठलाही भाग चालतो. एकदा पोचल्यावर मात्र उभं राहायचं पांढऱ्यावरच. मारलेला चेंडू पांढऱ्यावर आपटला तर फेअर (वैध), नुसत्या नारिंगीवर आपटला तर फाउल (हद्दीबाहेर).